चार नंबरचा होल

दस्तगीरभाई, तुम्ही गेलात याचासुद्धा मला पहिल्यांदा संशयच आला. सकाळी कारखान्याच्या गेटवर ग्राइंडिंगवाला नरसय्या उभा होता, डोळे लाल. म्हणाला, "माणिक, दस्तगीरसाहेब गेले." मी म्हटलं, "कुठं गेले?" त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मला वाटलं तो करतोय. आठ महिने आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो आणि आपल्याला बोलतं करायला त्यानं याआधी दोनदा असले उद्योग केले होते. एकदा तर तुम्ही बोलावलंय असं खोटंच सांगून मला तुमच्या इन्स्पेक्शनच्या खोलीत पाठवलं होतं. म्हणून मी त्याला झिडकारलं, कार्ड पंच केलं आणि बाकड्यावर जाऊन लोखंडावर फाईल घासत बसलो. तासाभरानं मालकांनी मशिनी बंद करायला सांगितल्या, तेव्हा हातातली फाईल खाली पडली.

शुक्रवार पेठेतल्या तुमच्या घरी आलो. मातीला आलो, मूठभर माती टाकली. तिथंही माझं मन सरळ चालेना. कोण खरं रडतंय आणि कोण दाखवायला, तेच बघत होतो. स्टोअरचा कारकून सगळ्यांत मोठ्यानं रडला. तोच तुमच्या माघारी तुम्हाला आडमुठा म्हणायचा. डॉक्टर म्हणाले हार्ट. मी मनात म्हटलं, हार्ट कसं? पन्नाशी उलटून चार वर्षं झालेला, पान-तंबाखू न खाणारा, रोज सायकलवर येणारा माणूस. मग भाभींना हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले होते का?" त्या म्हणाल्या, "न्हाई हो भाऊ. कारखान्याचं कायबी घरात बोलायचे न्हाईत." मला वाटलं, ह्या माझं मन राखतायत. बघा, हे असं आहे माझं.

तुम्हाला माझा स्वभाव पहिल्या आठवड्यातच कळला होता. करकंबहून सोलापुरात नवा नवा आलो होतो. आमचा बाप बाजारात काही घ्यायच्या आधी तराजूचं रिकामं पारडं उचलून खालून बघायचा, तीच सवय माझी. तुम्ही मायक्रोमीटर हातात दिलात आणि मी आधी शून्यावर आणून तोच खरा आहे का ते तपासलं. बाकीचे हसले. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "शाब्बास. पण आता दाबू नक्को. लोखंडाला दाबून विचारलं की ते आपल्या मनातलं बोलतंय." ते शिकवणं माझ्या बोटांत अजून आहे. स्लिप गेजच्या, म्हणजे मापाच्या पोलादी वड्यांच्या पेटीला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, हेही तुमचंच. एप्रिल-मेमध्ये तुमच्या खोलीच्या दाराला ओलं पोतं टांगलेलं असायचं. आत गेलं की तुम्ही आधी म्हणायचा, "दार लाव, माझी मापं वितळतील."

वेळापूरला माझ्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही एसटीनं आलात. एवढ्या लांब, एवढ्या उन्हात. मी आईला म्हणालो, "हे इन्स्पेक्शनला आले असणार." आई म्हणाली, "मेल्या, पाव्हण्याला तरी सोड." आणि तुम्ही खरोखरच मांडवात वाकून, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारत होता. आई अजून ते सांगते. तुमची बातमी ऐकून तिनं दोन वेळा जेवण टाकलं.

आता भांडणाचं. ते अर्धं राहिलंय, आणि तुमच्याशिवाय ते कुणाशी करू?

पंपाच्या झाकणाची ती प्लेट. आणीबाणी उठली त्या साली आपल्याकडं आली. ऑर्डर पुण्याच्या कंपनीची, ड्रॉइंग परदेशी. गोलात सहा होल. होल कुठं पाडायचे ते दाखवायला जिग मी बनवली होती. जिग म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा लोखंडी साचा, आणि आपल्या कारखान्यात माझी ओळख तेवढीच. ड्रॉइंगवर प्रत्येक होलाजवळ एक चौकट होती. तिच्यात शून्य पॉइंट वीस, म्हणजे मिलिमीटरचे वीस शतांश, लिहिलेलं आणि शेजारी गोलात एम. आपण सगळ्यांनी तो आकडा असा वाचला, की होल जागेपासून इकडं-तिकडं दहा शतांश आणि वर-खाली दहा शतांश सरकला तर चालेल. गोलातला एम आपण ड्रॉइंग काढणाऱ्याची सही समजलो. हसू नका, तुम्हीसुद्धा समजला होता.

माझ्या जिगचा चार नंबरचा होल आडवा नऊ शतांश सरकला होता आणि उभा दहा. दहाची परवानगी, दहाच्या आत. तुम्ही हाईट गेजनं दोन्ही बाजू मोजल्या आणि निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केलीत. नमुन्याला ठेवलेल्या थोड्या प्लेटी सोडून सगळा माल पुण्याला गेला. पंधरवड्यात चिठ्ठी आली: आमच्या नव्या मोजायच्या मशीनवर चार नंबरचा होल नापास आहे, माल परत न्या.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "माल परत आला तर जिगचं काम मी पुण्याहून करून आणीन. तू ड्रिलवर जा." ड्रिलवर म्हणजे बारा वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली तिथं. हँडल ओढत. मी बाहेर आलो तेव्हा डोक्यात एकच: दोन्ही बाजूंनी बरोबर असलेला होल एकदम चूक कसा? ह्यात कुणाचा तरी हात आहे.

तुम्ही दोन दिवस ते ड्रॉइंग घेऊन बसला होता. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसलात आणि तुमचा चौकोनी पत्र्याचा डबा उघडलात. तळाशी कडक भाकरी होती, चारी बाजूंना टेकलेली. म्हणालात, "माणिक, हा डबा म्हंजे आपण वाचलेलं माप. ही भाकरी म्हंजे त्यांनी लिहिलेलं. डब्याच्या कोपऱ्यात एक दाणा ठेव. दाणा डब्यात हाय का?" मी म्हटलं, "हाय." "भाकरीवर हाय का?" मी दाणा बोटानं भाकरीकडं ढकलला. "तुझा चार नंबर कोपऱ्यात बसलाय. मधापासून तिरका मोजला की साडेतेरा भरतो. परवानगी गोल हाय, सगळीकडून दहा. चूक वाचण्यात झाली, ती माझी. पण होल सरकलाय, ते खरं हाय."

मला भाकरी कळली होती, दस्तगीरभाई. तेव्हाच कळली होती. पण कळलं असं दाखवलं तर माझी जिग गेली. मी तोंडावर म्हणालो, "म्हंजे तुमीबी पुण्याकडून झालात." तुम्ही डबा बंद केलात. भाकरी तशीच राहिली.

मग आपण दोघं गेलो पुण्याला, मागं ठेवलेल्या प्लेटी पोत्यात बांधून. ती मशीन मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काळ्या दगडाचं गुळगुळीत टेबल, त्यावर आडवा पूल, पुलातून खाली उतरणारी टोकदार काठी. काठी होलात बसवली की शेजारच्या विजेच्या डब्यावर लाल आकडे पेटायचे, आडवं किती, उभं किती. माणसाच्या हाताचा, डोळ्याचा कुठं संबंधच नाही. मला ती बघताक्षणी आवडली नाही. हिला शून्यावर कोण आणतं? तुम्हाला मात्र लहान पोराला जत्रेत व्हावं तसं झालं होतं. खोली थंडगार, वीस डिग्री. तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, प्लेटी आधी खोलीइतक्या गार व्हायला हव्यात. सकाळ सगळी आपण बसून काढली. तुम्ही मधूनच उठून हाताची मागची बाजू प्लेटीला लावायचा आणि म्हणायचा, "अजून सोलापुरातच हाय ही." इंजिनिअर हसला. मी नाही हसलो.

मोजायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "आत एकानंच थांबा. माणसाच्या अंगाच्या उष्म्यानं फरक पडतो." मी बाहेर. काचेतून बघत राहिलो. आकडे पेटले. तुम्ही कागदावर काहीतरी मांडलंत. इंजिनिअरनं मान हलवली, नाही अशी. तुम्ही ड्रॉइंगवर बोट ठेवलंत. तो आतल्या खोलीत गेला, एका वयस्क साहेबांना घेऊन आला, त्यांच्या हातात जाडजूड पुस्तक. बरंच बोलणं झालं. काचेतून एक शब्द ऐकू आला नाही. आणि मग मी पाहिलं, तुम्ही त्या साहेबांपुढं हात जोडलेत. साहेब हसले, इंजिनिअरनं सही केली.

बाहेर आलात आणि म्हणालात, "चल, पास झाला." मी विचारलं, "कसा?" तर तुम्ही त्या गोलातल्या एमचं सांगायला लागलात. ती सही नव्हे, नियम आहे. होल लहानात लहान पडला तर सरकायची परवानगी दहाच. पण होल जितका मोठा, तितकी परवानगी वाढते, कारण शेवटी बोल्ट आत जायला पाहिजे, एवढंच कारखान्याला हवं असतं. तुझा होल दहा शतांश मोठा आहे, म्हणजे मधापासून प्रत्येक बाजूला पाच, म्हणून आणखी पाच मिळाले. पंधराच्या आत साडेतेरा. पास.

आता मला सांगा, कोण विश्वास ठेवील? बारा वर्षं मला शिकवलं होतं की होल मोठा पडणं हा गुन्हा. आणि आता म्हणे होल मोठा पडला म्हणून सवलत! चुकीला बक्षीस कुठल्या कारखान्यात मिळतं? मी सोलापुरात येऊन चौघांना विचारलं, कुणी असलं ऐकलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तुम्ही माझ्यासाठी हात जोडलेत, भीक मागितलीत, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हा एमचा नियम रचून सांगितलात. आधी मला बुडवलंत आणि मग दया येऊन वर काढलंत. दोन्ही वेळा मला डावच दिसला.

जिगचं काम माझ्याकडं राहिलं. मालकांनी पाठ थोपटली. पण तेव्हापासून मी ज्या स्टुलावर बसायचो ते मला माझं वाटेना. गेल्या वर्षी टूलरूमचा मुख्य केलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "दस्तगीरभाईंची मेहरबानी." कोण बोललं ते कळलं नाही. मी तडक तुमच्या खोलीत आलो. दारही लावलं नाही. म्हणालो, "माझं काम खोटं हुतं तर खोटं म्हणायचं हुतं. मला तुमची मेहरबानी नको." तुम्ही चष्मा काढलात. "मी आजवर खोटी सही केली न्हाई, माणिक." मी म्हणालो, "एक केली की." खोलीत आणखी दोघं होते. ते खाली बघायला लागले.

तरीसुद्धा तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "तू जिगवाला हायस. तपासायची गेज कर, सहा पिना बरोब्बर जागेवर रोव. जाडी नऊ पॉइंट ऐंशी. लहानात लहान होल दहाचा, त्यातनं सरकायचे वीस शतांश वजा. प्लेट वरून सोड. बसली तर पास, न्हाई बसली तर नापास. माझं नक्को ऐकू, लोखंडाचं ऐक." आणि मी काय बोललो? "म्हंजे गेजबी तुमच्याच मापाची." तुम्ही चष्मा परत डोळ्यांवर चढवलात आणि म्हणालात, "जा मग."

तेच शेवटचं. त्यानंतर आठ महिने मी तुमच्या खिडकीतून मालाचे ट्रे आत सारायचो, खाली मान घालून. तुम्ही तपासून परत सारायचा. निळी खूण असायची. एकदा तुम्हाला लई खोकला झाला होता. मी खिडकीपाशी घुटमळलो, आणि मग वाटलं, मी विचारावं म्हणून मुद्दाम खोकत असतील. एवढा नीच विचार मी केला, दस्तगीरभाई. लिहिताना लाज वाटतेय. पण तुमच्यापुढं आता काय लपवू?

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मालकांनी तुमच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं दिल्या. "तूच आवर. तुझ्यावर त्यांचा जीव होता." त्यांचंही मला खरं वाटलं नाही. कपाटात सगळं जिथल्या तिथं. खालच्या फळीवर त्याच मालातल्या तीन प्लेटी, तेल लावून कागदात गुंडाळलेल्या. एकीवर हिरवा रंग, दोघींवर लाल. तिघींना दोऱ्यानं चिठ्ठ्या बांधलेल्या, अक्षर तुमचं. हिरवीवर: चार नंबर, सरक साडेतेरा, होल दहा पॉइंट दहा, परवानगी पंधरा, पास. लाल दोघींवर: चार नंबर, सरक साडेतेरा, होल दहा पॉइंट शून्य दोन, परवानगी अकरा, नापास. खाली तुमची सही आणि त्या पुण्याच्या इंजिनिअरची.

माझ्या मालातल्या दोन प्लेटी नापास झाल्या होत्या हे मला ठाऊकच नव्हतं. आता आठवतं. परतीच्या गाडीत तुम्ही म्हणाला होता, "त्यातल्या दोन प्लेटी, माणिक..." आणि मी खिडकीकडं तोंड फिरवून म्हणालो होतो, "झालं की काम. आता कशाला?"

पण कागदावर काय, कुणीही काहीही लिहितं. मी चिठ्ठ्या परत बांधल्या आणि गेज करायला घेतली.

आठ दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट सुटल्यावर उजेड असेतो. ह्या वेळी दोन बाजू मोजून थांबलो नाही. प्रत्येक पिनेपासून प्रत्येक पीन मोजली. पिना नरसय्यानं ग्राइंड करून दिल्या, शेवटचा हात मी फिरवला. जोडून झाल्यावर मला स्वतःचाच संशय यायला लागला. दुःखात माणसाचा हात एखादा घासा जास्त मारतो. प्लेट बसावी म्हणून मी पिना बारीक तर नाही केल्या? मी नरसय्याला म्हटलं, "तुझा मायक्रोमीटर आण. मी पाठ फिरवतो. तू मोज." तो मोजत गेला. "नऊ ऐंशी. नऊ ऐंशी." सहाच्या सहा. मी म्हटलं, "परत बघ." तो वैतागला. "लई संशयी हायस रे तू. मेलेल्या माणसाला तरी सोड की." पण परत मोजलं त्यानं.

हिरवी प्लेट वर धरली आणि सोडली. खटकन् बसली, सहाही पिनांवर. नरसय्या म्हणाला, "झालं?" नाही झालं. माझ्या मनानं लगेच काढलं, की गेजच ढिली असेल, हिच्यावर कुठलीही प्लेट बसत असेल.

म्हणून लाल घेतली. ह्या दोन प्लेटी मला नीट ओळखू आल्या. रीमर म्हणजे होल साफ करायचं हत्यार. ते नवं कोरं लावून पहिल्या काढलेल्या ह्या दोन होत्या. आरशासारखे होल, दहाच्या मापाला अगदी जवळ. त्या दिवशी मी सगळ्यांना बोलावून दाखवल्या होत्या. वरून सोडली. पाच पिना आत गेल्या आणि चारवर अडली. उचलली, पुसली, परत सोडली. अडली. तळहातानं दाबली. नाही. नरसय्यानं लाकडी हातोडी उचलली, मी त्याचा हात धरला. दुसरी लाल घेतली. तीही चारवरच अडली.

मी त्या अडलेल्या प्लेटीवर हात ठेवून उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. मातीच्या दिवशी आलं नव्हतं तेवढं. नरसय्याला काही कळेना. "आरं, बसली की हिरवी! मग रडतोस कशाला?" त्याला कसं सांगणार? हिरवी बसली म्हणून नव्हतो रडत. मेहरबानी करणारा माणूस मालातल्या ह्या दोन प्लेटी तरी कशाला अडवील? तिथंच, त्याच टेबलावर, त्याच सहीनं सोडून दिल्या असत्या की. काचेपलीकडं तुम्ही हात कशासाठी जोडले होते ते मला अजून माहीत नाही, आता कळणारही नाही. निरोप घेत असाल. पण माझ्यासाठी भीक मागत नव्हता, एवढं लोखंडानं सांगितलं.

दस्तगीरभाई, माझ्या सगळ्यांत चांगल्या दोन प्लेटी तुम्ही नापास केल्या होत्या. गाडीत तुमचं ते वाक्य मी पुरं होऊ दिलं असतं, तर तिथंच तुमचे पाय धरले असते.